बॅटची कड किती जाड असावी? लाकूड, वजन आणि आपल्या भागातील खेळपट्ट्या

काळी_माती (परभणी)

क्रीडासाहित्याच्या दुकानात गेलेला मुलगा हल्ली बॅट उचलण्याआधी तिच्या कडेवर दोन बोटे आडवी ठेवून जाडी पाहतो, आणि दुकानदारही "ही चाळीसची आहे" एवढे एकच वाक्य बोलून किंमत सांगतो. परभणी, सेलू, जिंतूर या पट्ट्यात लेदर बॉलने खेळणाऱ्या मुलांना शिकवत असल्यामुळे हा प्रकार माझ्या नित्य पाहण्यात आहे. कडेची जाडी डोळ्यांना दिसते, बोटांना कळते, म्हणून तिच्या नावावर बॅट खपते. परंतु त्या बॅटीतून चेंडू कसा निघेल हे पात्यातील लाकूड नेमके कुठे साठवले आहे, बॅट हातात किती जड भासते आणि आपण कोणत्या खेळपट्टीवर खेळतो यांवर अधिक अवलंबून असते, असे माझे मत आहे. या विषयावर जाणकारांनी सविस्तर लिहावे म्हणून हा धागा काढत आहे.

आधी नियम पाहू. बॅटच्या रुंदीवर बंधन फार जुने आहे. १७७१ मध्ये इंग्लंडमध्ये रायगेटचा थॉमस व्हाइट यष्ट्यांइतकी रुंद बॅट घेऊन हॅम्बल्डन संघाविरुद्ध खेळायला उतरला, त्यावर आक्षेप घेतला गेला आणि १७७४ च्या नियमांत सव्वाचार इंचांची, म्हणजे १०८ मिलिमीटरची, रुंदी पक्की झाली. ती आजही तीच आहे. जाडीवर मात्र पुढील जवळपास अडीचशे वर्षे कोणतीही मर्यादा नव्हती. क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसी या इंग्लंडमधील क्लबच्या विश्व क्रिकेट समितीने डिसेंबर २०१६ मध्ये मुंबईतील बैठकीत ती शिफारस केली आणि ऑक्टोबर २०१७ पासून कड जास्तीत जास्त ४० मिलिमीटर व कण्यापाशी, म्हणजे पाठीमागच्या मधल्या उंचवट्यापाशी, एकूण खोली जास्तीत जास्त ६७ मिलिमीटर असा नियम लागू झाला. वजनाला आजही मर्यादा नाही.

म्हणजे दुकानात अभिमानाने सांगितला जाणारा चाळीसचा आकडा ही नियमाने आखलेली वरची सीमा आहे. ती गाठण्यासाठी कारागिराला काय करावे लागते? बॅटचे वजन आणि लाकडाची घनता एकदा ठरली की पात्यात एकूण किती लाकूड राहणार हेही ठरून जाते. कडेला जास्त ठेवायचे तर ते दुसरीकडून काढावे लागते, आणि बहुतेक वेळा ते कणा व कड यांच्या मधल्या उतारावरून काढले जाते. बॅट उलटी करून टोकाकडून डोळ्याच्या रेषेत धरली तर हा उतार स्पष्ट दिसतो. काही बॅटींत तो इतका खोल कोरलेला असतो की अंगठा आत बसतो. अशा चाळीसच्या बॅटीपेक्षा छत्तीसची, पण पाठ भरलेली बॅट मधल्या पट्ट्यात अधिक लाकूड बाळगून असते.

दुसरी_स्लिप (छत्रपती संभाजीनगर)

विषय उत्तम आहे. मी बरीच वर्षे यष्टिरक्षकाच्या शेजारी उभा राहून क्षेत्ररक्षण केले आहे, त्यामुळे या प्रश्नाकडे मी फलंदाजाच्या विरुद्ध बाजूने पाहतो. आपण सर्वजण जाड कडेचा फायदा फलंदाजाच्या खात्यावर जमा करतो. स्लिपमध्ये उभ्या असलेल्या माणसाचा अनुभव याहून मिश्र आहे. पातळ कडेला लागलेला चेंडू पूर्वी अनेकदा आमच्या पुढ्यात पडत असे. आता तोच चेंडू गुडघ्याच्या वर येतो. पूर्वी जो छातीवर येत असे, तो आता डोक्यावरून थर्ड मॅनला जातो. पाच दिवसांच्या किंवा दोन दिवसांच्या सामन्यात, जिथे तीन स्लिप लावलेल्या असतात, तिथे जाड कडेने फलंदाजाचे कल्याणच होते असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. वीस षटकांच्या सामन्यात स्लिप काढून टाकलेली असते, म्हणून तिथे जाड कड निव्वळ लाभाची ठरते.

आपल्या बीडमध्ये जन्मलेल्या संजय बांगर यांनी २००२ मध्ये हेडिंग्लीवर सलामीला येऊन, चेंडू सारखा हलत असताना, राहुल द्रविड यांच्या साथीने काढलेल्या ६८ धावा ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना चेंडू शरीराजवळ येऊ देऊन सैल हातांनी खेळणे म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. सैल हात असतील तर कड लागली तरी चेंडू खाली पडतो. हात ताठ असतील तर कड जितकी भरीव, तितका झेल सोपा.

एक शंका मात्र आहे. कड जाड झाली की मुळात कड लागण्याचीच शक्यता वाढते का? आमच्या मैदानावर यावर नेहमी वाद होतो.

मांजराकाठ (लातूर)

मला खेळातले तांत्रिक ज्ञान नाही. मी एका खेळाडूची आई आहे. मुलगा पंधरा वर्षांचा असून तो लातूरला मॅटवर सराव करतो आणि निवड चाचणीसाठी बाहेर गेला की टर्फवर, म्हणजे मातीच्या खेळपट्टीवर, खेळतो. त्याला जाड कडेचीच बॅट हवी आहे, कारण संघातील सर्वांकडे तशीच आहे. मागच्या हंगामात घेतलेली बॅट दिसायला फार देखणी होती. परंतु ती खाली ठेवताना त्याचे डावे मनगट दुखत असे आणि तो पुलचा फटका उशिरा खेळू लागला, असे त्याच्या सरांनी सांगितले. बॅट जड होती असे म्हणावे तर वजनकाट्यावर ती जुन्या बॅटीइतकीच भरली. हे कसे काय, आणि आता बॅट घेताना मी नेमके काय पाहावे, हे कोणी समजावून सांगेल का?

भौतिकीचा_तास (नांदेड)

कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो, त्यामुळे दोन्ही प्रश्नांना थोडे गणित लागेल. पण ते अवघड नाही.

आधी कडेच्या जाडीचा खरा उपयोग काय तो पाहू. चेंडू पात्याच्या मधल्या उभ्या रेषेवर बसला तर बॅट हातात गिरकत नाही आणि बॅटचे जवळजवळ पूर्ण वजन चेंडूच्या मागे उभे राहते. चेंडू मधल्या रेषेपासून बाजूला बसला की बॅट स्वतःच्या उभ्या अक्षाभोवती फिरू लागते, आणि त्या फिरण्यात ऊर्जा वाया जाते. हे फिरणे किती होईल हे अक्षापासून लाकूड किती दूर आहे यावर ठरते. अक्षापासूनच्या अंतराचा वर्ग घेतला जात असल्यामुळे कडेचे थोडेसे लाकूडही गिरकीला बराच विरोध करते. गॉल्फच्या काठ्यांत वजन कडेला नेण्याची कल्पना याच तत्त्वावर आली आणि १९७४ मध्ये ग्रे-निकल्स कंपनीने पाठीमागून कोरलेली स्कूप बॅट बाजारात आणली ती याच विचारातून.

आता एक ढोबळ हिशेब मांडतो. चेंडू १६० ग्रॅम, बॅट १२०० ग्रॅम, टप्पा पडून बॅटपर्यंत आलेल्या चेंडूचा वेग ताशी १०८ किलोमीटर, आघाताच्या जागी बॅटचा वेग ताशी ९० किलोमीटर, आणि चेंडू व लाकूड यांच्या उसळीचा गुणांक ०.५ धरला. लांबीच्या दिशेने होणारी गिरकी बाजूला ठेवली. चेंडू अगदी मधोमध बसला तर तो ताशी साधारण १५४ किलोमीटर वेगाने निघतो. तोच चेंडू मधल्या रेषेपासून तीन सेंटिमीटर बाजूला बसला तर वेग १२५ वर येतो. आता बॅटचे वजन तेच ठेवून मध्यातील ४० ग्रॅम लाकूड दोन्ही कडांकडे सरकवले असे समजा. मधोमध बसलेल्या चेंडूच्या वेगात या हिशेबाने काहीच फरक पडत नाही. तीन सेंटिमीटर बाजूला बसलेला चेंडू १२५ ऐवजी १२७ ने निघतो. सीमारेषेपाशी याचा अर्थ साधारण दोन मीटर. सीमारेषेवरील क्षेत्ररक्षकाच्या हातातला झेल आणि षटकार यांच्यात कधी कधी तेवढेच अंतर असते, म्हणून हा फायदा अगदीच खोटा नाही. मात्र चुकलेल्या फटक्याने गमावलेल्या २९ किलोमीटरपैकी कडेने फक्त दोन परत दिले, हेही लक्षात घ्यावे.

या हिशेबाची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. कड जाड करताना बॅट जड झाली, किंवा हातात जड भासू लागली, आणि त्यामुळे फलंदाजाचा बॅट फिरवण्याचा वेग अवघ्या दोन टक्क्यांनी मंदावला, तर त्या बाजूला बसलेल्या चेंडूचे हेच दोन किलोमीटर परत जातात, आणि मधोमध बसलेल्या चेंडूचे त्याहून थोडे जास्त. दंडात ताकद असलेल्या मोठ्या माणसाला दोन टक्के जाणवत नाहीत. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला ते नक्की जाणवतात.

मांजराकाठ ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. वजनकाटा बॅटचे एकूण वजन सांगतो. ते दांड्यापासून किती दूर आहे हे सांगत नाही. दोन्ही बॅटी सारख्याच वजनाच्या असल्या तरी नव्या बॅटीचे लाकूड टोकाकडे जास्त असेल तर ती मनगटाला जड लागते. खेळाडू याला पिकअप म्हणतात. घरी तपासायचे असेल तर दोन्ही बॅटी आळीपाळीने आडव्या धरून एका बोटावर तोला आणि तोल कुठे साधतो तिथे पेन्सिलने खूण करा. जिची खूण टोकाच्या जवळ, ती हातात जड.

दुसरी_स्लिप यांची शंका भूमितीने सुटते. बॅट सरळ समोर धरली तर गोलंदाजाला दिसणारी रुंदी १०८ मिलिमीटरच राहते, कड वीसची असो वा चाळीसची. त्यामुळे सरळ बॅटीने खेळणाऱ्याला कड लागण्याची शक्यता जाडीमुळे वाढत नाही. पाते उघडले की मामला बदलतो. पाते ३० अंशांत वळवले तर २० मिलिमीटर कडेची बॅट साधारण १०४ मिलिमीटर रुंद दिसते आणि ४० मिलिमीटर कडेची साधारण ११४. म्हणजे पाते उघडून थर्ड मॅनकडे चेंडू ढकलण्याची सवय असलेल्याच्या हातात जाड कडेची बॅट असेल, तर पूर्वी हुकला असता असा चेंडू आता लागतो. लागून तो कुठे जातो, हे स्लिपवाल्यांनी सांगावे.

दुसरी_स्लिप (छत्रपती संभाजीनगर)

सर, हिशेब पटला. परंतु एक मुद्दा सुटतो आहे असे वाटते. तुम्ही बॅटला ताठ वस्तू मानले आहे. प्रत्यक्षात पाते वाकते आणि थरथरते. टोकाजवळ किंवा खांद्याजवळ चेंडू बसला की हाताला झिणझिण्या येतात, त्या याच थरथरीच्या असतात. कण्याजवळचे लाकूड काढून कडेला दिले तर पाते अधिक लवचीक होऊन मधोमध बसलेला चेंडूही मंद निघायला हवा. माझ्या हातून गेलेल्या काही फार कोरलेल्या बॅटींचा आवाज पोकळ येत असे आणि त्यांची चेंडू फेकण्याची ताकद कमी होती, ती याच कारणाने असावी.

भौतिकीचा_तास (नांदेड)

मुद्दा योग्य आहे, आणि म्हणूनच चांगले कारागीर लाकूड काढताना कण्याची उंची शाबूत ठेवतात. ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. जाडी एक दशांशाने कमी झाली तर ताठपणा एक चतुर्थांशाहून जास्त घटतो, त्यामुळे कण्यावरून केलेली काटकसर महाग पडते. उतारावरून केलेली काटकसर त्या मानाने स्वस्त पडते. आजची कोरलेली पाठ दिसते तशी असण्याचे कारण हेच आहे. तरीही उतार किती खोल न्यायचा याला मर्यादा आहे आणि ती मर्यादा ओलांडलेल्या बॅटी बाजारात भरपूर आहेत, याबद्दल आपले दुमत नाही.

बालाघाट (बीड)

माझे बॅट दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. वर गणित झाले, आता लाकडाविषयी लिहितो.

जुन्या बॅटी सडपातळ होत्या आणि आजच्या भरदार आहेत, तरी वजन जवळपास तेवढेच, हे अनेकांना कोडे वाटते. बॅरी रिचर्ड्स यांनी १९७० मध्ये पर्थला एका दिवसात ३२५ धावा काढल्या, ती बॅट अलीकडच्या काळातील डेव्हिड वॉर्नर यांच्या बॅटीशेजारी धरलेले छायाचित्र पुष्कळांनी पाहिले असेल. जुनीची कड नव्यापुढे फळीसारखी दिसते. फरक लाकूड निवडण्यात आणि वाळवण्यात आहे. आता विलो झाडाचे हलक्या घनतेचे लाकूड निवडले जाते, ते पूर्वीपेक्षा जास्त वाळवले जाते आणि यंत्रात कमी दाबले जाते. पाणी गेले की वजन गेले, आणि वाचलेल्या वजनात जाडी वाढवता येते. त्याची किंमत टिकाऊपणात मोजावी लागते. कमी दाबलेले लाकूड पहिल्या दिवसापासून चेंडू छान फेकते, पण लवकर फाटते.

आपल्या हवेत हा प्रश्न अधिक बिकट होतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीसच्या वर जातो, बॅट पत्र्याच्या खोलीत किंवा दुचाकीला अडकवलेल्या किटमध्ये तापते आणि आधीच कोरडे असलेले लाकूड आणखी आकसते. माझ्याकडे उन्हाळ्यात येणाऱ्या बॅटींपैकी बहुतेकांची कडच गेलेली असते. चौकोनी, धारदार कोपऱ्याच्या जाड कडा सर्वांत आधी फुटतात: पात्याच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात, बाहेरच्या बाजूला, नखाएवढी खपली उडते. खेळाडू त्याकडे दुर्लक्ष करतो, पुढच्या सामन्यात तिथेच यॉर्करची कड लागते आणि खपलीची पट्टी होते. अशा वेळी मी फाटलेल्या जागेत डिंक भरतो, शिकंज्यात आवळून रात्रभर ठेवतो, नंतर दोरा गुंडाळून वरून फायबर टेप लावतो आणि कड पॉलिश पेपरने किंचित गोल करून देतो. मुले नाराज होतात, कारण गोल केलेली कड चौकोनी कडेपेक्षा पातळ दिसते. पण ती टिकते.

काश्मिरी विलोविषयीही एक सांगतो. अनंतनाग जिल्ह्यातील संगम, हलमुल्ला, बिजबेहाडा भागातून येणाऱ्या बॅटी आपल्याकडे सर्वांत जास्त विकल्या जातात आणि त्यांत वाईट काहीच नाही. परंतु हे लाकूड इंग्लिश विलोपेक्षा साधारणपणे घट्ट व जड असते. त्यात चाळीसची कड काढायची तर एक तर बॅट जड होणार, नाही तर पाठ फार कोरली जाणार. काश्मिरी बॅट घेताना कडेचा आग्रह सोडलेला बरा.

आणि तेल. जवसाचे कच्चे तेल घ्यावे. उकळलेले किंवा रंगकामाचे घेऊ नये. पातळ हात पुढच्या बाजूला, कडांना आणि टोकाला फिरवावा. दांड्याच्या सांध्यावर व स्टिकरवर तेल घालू नये. बॅट आडवी ठेवून एक रात्र मुरू द्यावी. आपल्या भागात जवस पिकते, घाण्यावरचे ताजे तेल सहज मिळते. त्यासाठी महागडी बाटली विकत घेण्याची गरज नाही. तेल ओतून बॅट न्हाऊ घालणारेही भेटतात. अशी बॅट जड होते आणि तिची चेंडू फेकण्याची ताकद जाते.

टेनिसचा_चेंडू (वसमत)

येथे सर्वजण लेदर बॉलविषयी लिहीत आहेत. परंतु वसमत, कळमनुरी, औंढा भागातील बहुतांश खेळाडू टेनिस बॉलच्या स्पर्धा खेळतात. आमच्या बॅटींच्या कडा तुमच्या चाळीसच्या मर्यादेलाही जुमानत नाहीत आणि पाठीला मोठा स्कूप असतो, तरी त्या लेदरच्या बॅटीपेक्षा हलक्या असतात. त्यांना हे सर्व नियम लागू होतात का?

भौतिकीचा_तास (नांदेड)

टेनिसच्या चेंडूचे वजन लेदरच्या चेंडूच्या मानाने बरेच कमी असते. चेंडू हलका झाला की बॅटच्या वजनाचा प्रभाव घटतो आणि वेगाचा वाढतो. म्हणून तुमच्या बॅटीतून मधले लाकूड बिनधास्त काढून टाकता येते. कडा गिरकी रोखतात आणि हलकी बॅट वेगाने फिरते. तुमच्या खेळापुरती ती रचना अगदी बरोबर आहे. मात्र तीच बॅट लेदर बॉलला नेऊ नका. स्कूपच्या मागे उरलेली पातळ फळी त्या आघातासाठी केलेलीच नसते.

काळी_माती (परभणी)

चर्चा चांगली रंगली आहे. खेळपट्टीचा मुद्दा मी सुरुवातीला नुसता सोडून दिला होता, तो आता मांडतो, कारण माझ्या मते मराठवाड्यातील खेळाडूने कडेआधी याचा विचार करायला हवा.

पात्याचा सर्वांत भरीव भाग, ज्याला आपण मिडल म्हणतो, तो टोकापासून किती उंचीवर आहे ही गोष्ट दुकानात क्वचितच कोणी विचारतो. आपल्याकडे तालुक्याच्या ठिकाणी सिमेंटवर मॅट अंथरून खेळतात. मॅटवर चेंडू उसळतो. चांगल्या टप्प्याचा चेंडूही मांडीपर्यंत येतो आणि बॅटच्या मधल्या किंवा वरच्या भागाला लागतो. जिल्ह्याच्या ठिकाणी जिथे काळ्या मातीची टर्फ आहे, तिथे सामना पुढे सरकतो तसा चेंडू खाली राहू लागतो आणि पात्याच्या खालच्या भागाला लागतो. आपल्या उपखंडासाठी बनवल्या जाणाऱ्या पुष्कळ बॅटींचा मिडल खाली असतो, तो अशाच टर्फच्या हिशेबाने. खाली मिडल असलेली बॅट घेऊन मॅटवर खेळणारा मुलगा निम्मे फटके पात्याच्या वरच्या, पातळ भागाने खेळत असतो. त्याची कड चाळीसची असली तरी त्या जागी नसते, कारण जाडीचा तो आकडा कडेच्या सर्वांत फुगीर जागेवर मोजलेला असतो! खांद्याकडे जाता जाता तीच कड झपाट्याने उतरते.

भौतिकीचा_तास यांनी बाजूला तीन सेंटिमीटर चुकण्याचा हिशेब दिला. मॅटवरील मुलांच्या बाबतीत उभ्या दिशेने चुकणे त्याहून मोठे असते. पुढच्या बाजूला चेंडूचे लाल डाग कुठे उमटले आहेत ते पाहिले की हे कळते. मी नव्या मुलाची बॅट हातात घेतली की आधी ते डाग पाहतो. कणा जिथे सर्वांत उंच आहे त्याच्या वर एक वीत डागांचा पुंजका दिसला, तर त्याला दुसऱ्या आकाराची बॅट हवी असते.

मॅथ्यू हेडन २०१० च्या आयपीएलमध्ये चेन्नईकडून मोंगूस नावाची लांब दांड्याची, आखूड पात्याची बॅट घेऊन उतरले आणि दिल्लीविरुद्ध ४३ चेंडूंत ९३ धावा काढून गेले. सारे लाकूड खाली एकवटले तर काय होते याचे ते टोकाचे उदाहरण होते. समोरून येणारा चेंडू फटकावताना ती जबरदस्त होती. आखूड टप्प्याचा चेंडू अडवायला मात्र वर पातेच नव्हते. ती बॅट पुढे रुजली नाही, याचे मला आश्चर्य वाटत नाही.

दुसरी_स्लिप (छत्रपती संभाजीनगर)

मिडलचा मुद्दा मान्य आहे. तरीही कडेला इतके दुय्यम ठरवणे मला पटत नाही. जालन्याचे विजय झोल किंवा बीडचे सचिन धस यांच्यासारखे फलंदाज मॅट-टर्फच्या याच मिश्र वातावरणाच्या भागातून पुढे आले आणि धस यांनी तर २०२४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, ४ बाद ३२ अशी अवस्था असताना, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ धावा काढल्या. त्या पातळीवर गोलंदाजाचा वेग असा असतो की चेंडू नेहमी मधोमध बसणारच नाही. जिथे चूक होणे अटळ आहे, तिथे चुकीची शिक्षा कमी करणारी बॅट कोणाला नको असेल? ताकद असलेल्या, बांधा पूर्ण झालेल्या खेळाडूने अडतीस-चाळीसची कड अवश्य घ्यावी, एवढेच माझे म्हणणे.

काळी_माती (परभणी)

बांधा पूर्ण झालेल्या खेळाडूबाबत माझाही विरोध नाही. माझ्यासमोर येणारी मुले त्या वयाची नसतात, आणि दुकानदार दोघांनाही एकच बॅट दाखवतो, ही माझी तक्रार आहे.

मांजराकाठ (लातूर)

सर्वांचे आभार. बोटावर तोलून पाहिले. नव्या बॅटीची खूण खरोखरच जुनीपेक्षा टोकाकडे आहे. आता दोन प्रश्न राहिले. ही बॅट वाया गेली असे समजायचे का? आणि चाचणीच्या ठिकाणी पंच कड मोजतात असे मुलगा म्हणतो, ते खरे आहे का?

बालाघाट (बीड)

ताई, बॅट वाया गेलेली नाही. वजन टोकाकडे असेल तर दोन उपाय आहेत. दांड्यावर आणखी एक रबरी ग्रिप चढवली की थोडे वजन वर येते आणि हातात फरक जाणवतो. हा उपाय आधी करून पाहा, कारण तो स्वस्त आहे आणि आवडला नाही तर ग्रिप काढता येते. मात्र मुलाचा पंजा लहान असेल तर दांडा जाड होऊन पकड बिघडते, तेही पाहा. त्याने भागले नाही तर टोकाच्या मागच्या बाजूने लाकूड हलकेच उतरवून घेता येते. हे काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावे. मी स्वतः टोकाच्या वर चार बोटे सोडून, कणा न दुखवता, दोन्ही उतारांवरून रंधा फिरवतो आणि दर वेळी मुलाच्या हातात बॅट देऊन विचारतो. कडेवरून मात्र काढत नाही. एकदा उतरवलेले लाकूड परत येत नाही, म्हणून घाई करू नये.

मोजमापाचे म्हणाल तर मोठ्या स्पर्धांत बॅट गेजमधून, म्हणजे ठरावीक मापाच्या चौकटीतून, सरकवून पाहतात. २०२५ च्या आयपीएलमध्ये तर पंच मैदानावरच गेज घेऊन उभे असत आणि काही बॅटी त्यातून न गेल्याने बदलाव्या लागल्या. आपल्याकडे जिल्हा पातळीवर गेज फारसे दिसत नाही, तरी चाळीसची म्हणून विकलेली बॅट आधी मोजून घेतलेली चांगली, कारण हाताने केलेल्या बॅटीत एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होतात. शाळेच्या प्रयोगशाळेतील व्हर्नियर कॅलिपरने काम होते. कड जिथे सर्वांत फुगीर वाटते तिथे, दोन्ही बाजूंना, मोजा. संरक्षक पट्टीला नियमाने एक मिलिमीटरपर्यंत जाडीची मुभा आहे, त्यामुळे पट्टी लावलेली असेल तर आकडा थोडा जास्त दिसेल. त्याने घाबरू नये.

आणि नॉकिंग, म्हणजे नवी बॅट ठोकून खेळण्याजोगी करणे, झाले नसेल तर चाचणीआधी ते करून घ्या. लाकडी हातोडीने कडेच्या कोपऱ्यावर तिरके, हलके ठोके द्यावेत, म्हणजे धार मोडून कोपरा गोल होतो. कडेवर थेट आडवा ठोका मात्र देऊ नये. मुलाला म्हणावे, आठवडाभर रोज थोडा वेळ बस, एका दिवसात उरकू नको.

मांजराकाठ (लातूर)

दुसरी ग्रिप आज चढवली. कॅलिपर मुलाच्या शाळेतून उद्या मिळेल. आकडा इथे कळवते.